कारखान्याच्या अंगणातील प्रयोगशाळा
(नभोवाणीवरील भाषण)

मुंबईहून सुरतेकडे जाताना नवसारी आणि मरोली ही स्थानके मागे पडली, म्हणजे सचिन नावाचे स्थानक लागते. जंजिऱ्याच्या सिद्दी घराण्यातील एका वारसाने १७९१ साली जंजिऱ्यावरील आपला हक्क पेशव्यांना सोडून दिला आणि त्याच्या मोबदल्यात सुरतेजवळील हा मुलूख मिळविला. त्यातूनच सचिनचे छोटेसे संस्थान उदयास आले. १९४८ साली ते मुंबई प्रांतात विलीन झाले. आज तेथे नवाबाच्या नौबतीऐवजी यंत्रमागांचा खडखडाट ऐकू येतो, आणि रंगाई-छपाईच्या कारखान्यांची धुराडी दिसतात. त्या परिसरात राबणाऱ्या हातांमध्ये आपल्या खानदेशातून गेलेले हातही पुष्कळ आहेत. तेव्हा तेथील धुराची गोष्ट ही काही केवळ परमुलखाची गोष्ट नव्हे.

लहान कारखानदाराची अडचण सर्वत्र एकच असते. नवी युक्ती कानावर येते; परंतु ती फसली तर नुकसान सोसण्याइतके भांडवल गाठीशी नसते. मोठ्या गिरणीला एक प्रयोग फसला तरी चालतो. लहानाचा एक हंगाम बुडाला की कारखान्याला कुलूप लागते. या अडचणीवर पूर्वी एक उपाय निघाला तो सहकारी संशोधनाचा. १९४७ साली अहमदाबादेत ‘अतिरा’ आणि १९५० साली मुंबईत ‘सस्मिरा’ या संस्था निघाल्या. एकट्याला न परवडणारी प्रयोगशाळा सर्वांनी मिळून चालवावी, हा त्यांमागील विचार. त्याचे मोल आजही कमी झालेले नाही. पण प्रयोगशाळेत सिद्ध झालेली गोष्ट कारखान्यात तशीच उतरते असे नाही. तेथे कोळसा रोज निराळा असतो, वीज दगा देते, आणि बॉयलरसमोर उभ्या असलेल्या कामगाराची स्वतःची अशी एक रीत असते.

म्हणून अलीकडे एक नवी कल्पना पुढे आली. प्रयोगशाळेनेच उठून माणसे जेथे राबतात तेथे जावे, आणि वापरणाऱ्यालाच प्रयोगाचा भागीदार करावे. अमेरिकेतील एम.आय.टी.चे विल्यम मिचेल यांच्या नावाशी ही कल्पना जोडली जाते. तिला ‘लिव्हिंग लॅब’, म्हणजे जिवंत प्रयोगशाळा, असे नाव मिळाले. युरोपात २००६ साली अशा प्रयोगशाळांचा एक संघ स्थापन झाला. २००९ साली तेथे ‘अपोलॉन’ नावाचा उपक्रम निघाला. एका देशातील लहान उद्योजकाला आपली वस्तू दुसऱ्या देशातील प्रत्यक्ष वापरणाऱ्यांच्या हाती देऊन पारखता यावी, हा त्याचा हेतू होता.

सुरतेचा प्रयोग त्या युरोपीय संघातला नव्हे. परंतु त्याचे कूळ तेच, असे मला वाटते. गुजरात प्रदूषण नियंत्रण मंडळ, आणि शिकागो, येल व वॉरिक या विद्यापीठांशी संबंधित अर्थशास्त्रज्ञ यांनी मिळून तो केला. सुरतेभोवतालचे, बहुतांशी कापडावर प्रक्रिया करणारे ३१७ कारखाने त्यात होते. प्रत्येकाच्या धुराड्यावर काजळीचे कण सतत मोजणारे यंत्र बसविण्यात आले. मग सोडत पद्धतीने १६२ कारखाने निवडले गेले, आणि सप्टेंबर २०१९ पासून त्यांच्यासाठी एक अपूर्व बाजार सुरू झाला. बाकीचे जुन्याच नियमांखाली राहिले.

या बाजारात विकले जात होते ते कापड नव्हे, तर धूर सोडण्याचे परवाने. सर्वांनी मिळून महिन्याला किती काजळी सोडावी याची मर्यादा ठरली. आरंभी ती २८० टन होती. पुढे टप्प्याटप्प्याने उतरवीत १७० टनांवर आणली गेली. ८० टक्के परवाने विनामूल्य वाटले जात, उरलेले लिलावाने विकले जात. किलोमागे किमान ५ आणि कमाल १०० रुपये, अशी भावाची चौकट होती. समजा, एका कारखानदाराला किलोभर काजळी अडविण्यास १० रुपये लागतात आणि शेजाऱ्याला ४०. पहिल्याने जास्त अडवावी, उरलेले परवाने दुसऱ्यास विकावे. दोघांचाही लाभ होतो, आणि हवेत जाणारी एकूण काजळी मर्यादेबाहेर जात नाही. कोणी गाळणीच्या पिशव्या वेळेवर बदलील, कोणी चांगला कोळसा जाळील. कोणता उपाय करावा, हे ज्याचे त्याने ठरवावयाचे.

फळ काय मिळाले? बाजारातील कारखान्यांची काजळी इतरांच्या तुलनेने २० ते ३० टक्क्यांनी घटली. तेवढीच स्वच्छता राखण्याचा खर्च जुन्या पद्धतीपेक्षा सुमारे ११ टक्क्यांनी कमी आला. आणि लहान माणूस नियम मोडणारच, हा समज खोटा ठरला. ९९ टक्के वेळा कारखान्यांपाशी पुरेसे परवाने होते. माणूस नियम का मोडतो? पुष्कळदा मोजमापावरच त्याचा विश्वास नसतो म्हणून. याच गुजरातेत २००९ नंतर झालेल्या एका प्रयोगात दिसून आले होते, की तपासनिसाचे वेतन कारखानदाराच्या खिशातून आले की अहवालही त्याच्या सोयीचे येतात. ते समाईक निधीतून आले की आकडे खरे बोलू लागतात. तराजू सर्वांचा झाला म्हणजेच बाजार विश्वासाचा होतो.

तथापि, येथे थांबून चालणार नाही. ६ जानेवारी २०२२ रोजी पहाटे याच सचिनच्या औद्योगिक वसाहतीत एका टँकरमधून रसायन नाल्यात सोडले जात असता विषारी वायू उठला, आणि सहा कामगार प्राणास मुकले. ज्या परिसरात धुराड्यातून निघणारा कण न् कण मोजला जात होता, त्याच परिसरात नाल्याकडे पाहणारा डोळा नव्हता. यात त्या प्रयोगाचा दोष नाही. परंतु यातून एक धडा मात्र निघतो. आपण जे मोजतो तेच सुधारते. आणि काय मोजावे हे ठरविताना मालक, अधिकारी व विद्वान यांच्या पंक्तीस कामगाराचा पाट मांडलेला नसेल, तर ती प्रयोगशाळा अर्धीच जिवंत म्हणावी लागेल. नाल्याला येणारा वास प्रथम कोणाला कळतो, हे का सांगावयास हवे?

श्रोतेहो, इचलकरंजी, भिवंडी आणि मालेगाव येथील यंत्रमागवाल्यांचे प्रश्न सुरतेच्या प्रश्नांचेच सख्खे भाऊ आहेत. महाराष्ट्रातही २०१७ साली कारखान्यांना त्यांच्या धुरावरून तारांकित श्रेणी देण्याचा उपक्रम प्रदूषण मंडळाने हाती घेतला होता. म्हणजे वाट अगदीच अनोळखी नाही. या गावांनी परस्परांना आपले अनुभव, आणि आपली अपयशेसुद्धा, मोकळेपणाने सांगावीत. परदेशीच्या विद्वानांना अवश्य बोलवावे. त्यांची पद्धत शिकावी. पण प्रश्न मात्र आपला विचारावा. एकाच्या चुकीने दहा जण शहाणे झाले, तर लहानालाही प्रयोग परवडतो. आणि त्या प्रयोगाचा पहिला लाभ, बॉयलरपुढे उभ्या असलेल्या माणसाच्या श्वासाला मिळाला पाहिजे.