मेहेरबानी नको, नियम हवा

(मार्केट यार्ड, पुणे येथे कष्टकरी आणि तरुण खेळाडूंसमोर झालेल्या भाषणाचा मजकूर)



हमालांना आणि तोलणारांना खेळाडूची कारकीर्द वेगळी समजावून सांगावी लागत नाही. शरीर हेच भांडवल असते म्हणजे काय, हे तुम्ही रोज पहाटे अनुभवता. पाठ आणि गुडघे साथ देतात तोवर मजुरी. व्यावसायिक खेळाडूचेही तेच. फरक एवढाच की त्याची निवृत्ती बहुधा पस्तिशीच्या आसपास येते. म्हणून त्याच्या धावा आणि गोल मोजताना आणखी एक प्रश्न विचारायला हवा. तो खेळत होता तेव्हा त्याच्या पाठीशी काय होते? कुणाची मेहेरबानी, की नियम?

आधी आपल्या राज्यातला माणूस घेऊ. वसीम जाफर, मुंबईतल्या एका बस ड्रायव्हरचा मुलगा. प्रथम श्रेणीच्या दुसऱ्याच सामन्यात त्याने नाबाद ३१४ धावा केल्या. भारतासाठी ३१ कसोटी खेळला. त्यात वेस्ट इंडिजमध्ये २१२ आणि पाकिस्तानविरुद्ध कोलकात्यात २०२ धावा आहेत. रणजी स्पर्धेत बारा हजार धावा करणारा तो पहिला फलंदाज. चाळिशी गाठल्यावर विदर्भाकडून एकाच मोसमात त्याने हजाराच्या वर धावा काढल्या आणि विदर्भाने सलग दुसऱ्यांदा रणजी करंडक जिंकला. मार्च २०२० मध्ये तो निवृत्त झाला.

पुढे तो उत्तराखंड संघाचा प्रशिक्षक झाला. फेब्रुवारी २०२१ मध्ये संघनिवडीत हस्तक्षेप होतो असे सांगून त्याने राजीनामा दिला. त्यानंतर आरोप पुढे आले ते त्याच्या धर्मावरून. मुस्लिम खेळाडूंना झुकते माप दिले, शिबिरात मौलवी बोलावले, संघाची घोषणा बदलली, असे. जाफरने पत्रकारांसमोर येऊन एकेक आरोप खोडून काढला. अनिल कुंबळे उघडपणे त्याच्या बाजूने बोलला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये पाकिस्तानविरुद्धच्या पराभवानंतर मोहम्मद शमीला शिवीगाळ झाली, तेव्हा कर्णधार विराट कोहलीने धर्मावरून हल्ला करणाऱ्यांना ठणकावले. कुंबळे आणि कोहली यांचे आभार मानायलाच हवेत. पण पाहा, दोन्ही वेळा आधार मिळाला तो माणसांच्या चांगुलपणाचा. त्या दिवशी ती माणसे गप्प बसली असती तर?

आता जरा दूर, ऑस्ट्रेलियात जाऊ. तिथे एक वेगळा फुटबॉल खेळतात. क्रिकेटच्या गोल मैदानावर दोन्ही बाजूंना अठरा-अठरा खेळाडू, लंबगोल चेंडू, आणि तो पायाने मारता येतो, हातानेही पुढे देता येतो. या खेळाचे पहिले लेखी नियम १८५९ मध्ये मेलबर्नला झाले. नवे खेळाडू तिथे आपल्या आयपीएलसारखे लिलावात विकत घेत नाहीत. क्लब पाळीपाळीने निवड करतात आणि मागच्या मोसमात तळाला राहिलेल्या क्लबाला पाळी आधी मिळते. २००६ च्या निवडीत बेचाळिसाव्या पाळीला एसेंडन क्लबने एक मुलगा घेतला. बशर हौली. आईवडील लेबनॉनचे. नमाज पढणारा, रोजे ठेवणारा.

एसेंडनकडून त्याला चार वर्षांत फक्त २६ सामने मिळाले. मग तो रिचमंड क्लबात गेला आणि तिथे २०६ सामने खेळला. १९८० नंतर विजेतेपदाचे तोंड न पाहिलेल्या रिचमंडने २०१७ मध्ये स्पर्धा जिंकली, पुढे २०१९ आणि २०२० मध्येही. तिन्ही संघांत हौली होता. २०२१ मध्ये तो निवृत्त झाला.

वाटेत काटे त्यालाही लागले. २०११ मध्ये एका रेडिओ समालोचकाने त्याला दहशतवादी म्हटले आणि नंतर माफी मागितली. पण तोवर तिथल्या लीगकडे एक लेखी नियम होता. १९९३ मध्ये निकी विन्मार या आदिवासी खेळाडूने प्रेक्षकांच्या शिव्या ऐकून जर्सी वर केली आणि आपल्या काळ्या कातडीकडे बोट दाखवले. १९९५ मध्ये मायकेल लाँगने प्रतिस्पर्ध्याच्या वांशिक शिवीबद्दल गप्प बसायला नकार दिला. त्याच वर्षी वंश आणि धर्मावरून मैदानात अपमान करणे हा गुन्हा ठरला. नियम झाला म्हणून सगळे सुधारले असे नाही. २०१५ मध्ये ॲडम गुड्स या थोर आदिवासी खेळाडूची प्रेक्षकांनी सामन्यामागून सामने हुर्यो उडवली आणि लीगला त्याची माफी मागायला २०१९ उजाडले. कागदावरच्या नियमाला राबवणारेही लागतात.

हौलीच्या कारकिर्दीतली एक गोष्ट आपल्या समाजाने विशेष ऐकावी. जून २०१७ मध्ये त्याचा हात लागून प्रतिस्पर्धी बेशुद्ध पडला. सुनावणीत त्याच्या चांगल्या वर्तनाचे दाखले दिले गेले. त्यात खुद्द पंतप्रधानांचे कौतुकाचे शब्दही होते. शिक्षा झाली दोन सामन्यांची. लीगने स्वतःच अपील केले आणि शिक्षा चार सामन्यांची झाली. हौलीने ती भोगली, परत आला आणि त्याच वर्षी विजेता ठरला.

मला यात अन्याय दिसत नाही, बरोबरी दिसते. मुसलमान म्हणून शिवी नको, तशी ‘चांगला मुसलमान’ म्हणून सूटही नको. जो नियम आपले रक्षण करतो, तोच आपल्याला बांधतोही. यातले निम्मेच मागणारा समाज बरोबरीचा नागरिक होत नाही.

हे मार्केट यार्डाला नवे नाही. एके काळी हमालाची मजुरी मालकाच्या मर्जीवर होती. मालक चांगला निघाला तर सणाला दोन पैसे जास्त, नाही तर रिकामा हात. मुंबईत अण्णासाहेब पाटील आणि पुण्यात बाबा आढाव यांच्यासारख्यांनी कष्टकऱ्यांची संघटना बांधली. १९६९ मध्ये माथाडी कायदा आला. मंडळाकडे नोंदणी, लेव्ही, भविष्यनिर्वाह निधी. मर्जीच्या जागी हक्क आला. आणि पाठीवर पोते घेणारा माणूस कोणत्या जातीधर्माचा, हे त्या कायद्याने विचारले नाही.

तर मग आपल्या गल्लीतल्या स्पर्धांपासून सुरुवात करू. कबड्डी असो, टेनिस बॉल क्रिकेट असो, नियमपत्रिकेत एक ओळ छापा. जात, धर्म, रंग यांवरून शिवी दिल्यास खेळाडू बाहेर. ही ओळ आपल्या पोरांनाही लागू. पंच कोण, तक्रार कुणाकडे करायची, हेही लिहा.

आणि घराकडेही बघू. हनीन झ्रेका ही मुस्लिम मुलगी २०१९ मध्ये त्याच खेळाच्या महिला लीगमध्ये उतरली. आपल्या घरातली मुलगी वयात आली की तिचे मैदान बंद होते. तिला शिवी देऊन कुणी बाहेरच्याने हाकललेले नसते. आपणच तिला आत बोलावतो. बाहेर हक्क मागायचा आणि घरात मर्जी चालवायची, हे दोन्ही एकत्र जमणार नाही.

पुढच्या स्पर्धेची नियमपत्रिका छापाल तेव्हा ती ओळ त्यात आहे का, आणि मुलींच्या संघाची नोंद आहे का, एवढे बघा.