सांताक्लॉजची घसरगाडी

नाताळच्या आदल्या रात्रीं सांताक्लॉज नांवाचा एक लठ्ठ, पांढऱ्या दाढीचा म्हातारा आकाशांतून घसरगाडीनें येतो, धुरांड्यांतून घरांत उतरतो आणि निजलेल्या मुलांच्या मोज्यांत खाऊ व खेळणीं ठेवून जातो, ही कथा पाश्चात्त्य देशांतील पोरांना पाळण्यापासून ठाऊक असते. तिला पुराणाचा मान मिळत असला, तरी गाडीला जुंपलेलीं आठ रेनडिअर हरिणें फारशीं जुनीं नाहींत. अमेरिकेंतील ट्रॉय गांवच्या एका वृत्तपत्रांत २३ डिसेंबर १८२३ रोजीं एक निनांवी कविता छापून आली. तींत तीं नांवनिशीवार हजर आहेत. लाल नाकाच्या नवव्या रुडॉल्फची भर १९३९ सालीं पडली, आणि तीहि एका दुकानानें वांटलेल्या पुस्तिकेंतून.

आतां ह्या वाहनाचें गणित. सांताक्लॉजला एकच रात्र मिळते असें म्हणतात. पण पृथ्वी फिरत असल्यामुळें पूर्वेकडील मुलें आधीं निजतात व पश्चिमेकडील मागाहून. म्हाताऱ्यानें प्रवास पूर्वेकडून पश्चिमेकडे ठेवला आणि रात्रीं आठ ते पहांटे पांच ही नऊ तासांची वेळ धरली, तर पृथ्वीच्या एका फेऱ्याचे चोवीस तास तींत मिळून तेहतीस तास हातीं येतात. हा प्रश्न वर्गांत घातला, तर निम्मीं मुलें नऊ सांगतील व उरलेलीं चोवीस. भेट देण्याचीं घरें वीस कोटि, आणि घराघरांतील अंतर सरासरी एक किलोमीटर मानावें. हे आंकडे कोणीं मोजलेले नाहींत. त्रैराशिक मांडावयाचें म्हणून घेतले आहेत. तेहतीस तासांचे सेकंद होतात १,१८,८००. म्हणजे दर सेकंदास सुमारें १,६८० घरें, आणि गाडीचा वेग सेकंदास १,६८० किलोमीटर!

मनुष्यानें घडविलेल्या वस्तूंत अतिवेगवान ठरलेलें पार्कर नांवाचें अमेरिकन यान सूर्याच्या अगदीं निकट गेलें, तें योगायोगानें २४ डिसेंबर २०२४ रोजींच. त्या वेळीं त्याचा वेग सेकंदास सुमारें १९२ किलोमीटर होता. सांताक्लॉजला त्याच्या जवळजवळ नऊपट धांवावयाचें आहे, आणि तेंहि पोकळींतून नव्हे, भर हवेंतून. आकाशांतून पडणाऱ्या उल्कांचा वेग फार तर सेकंदास ७२ किलोमीटर असतो. तेवढ्यानेंहि त्या जळून जातात. तेव्हां रुडॉल्फचें नाक लाल कां, हें निराळें सांगावयास नको! वस्तुतः रेनडिअरच्या नाकांत रक्तवाहिन्यांचें जाळें मनुष्याच्या नाकांतल्यापेक्षां सुमारें पाव हिश्शानें दाट असतें, असें १९१२ नव्हे, अगदीं अलीकडे, २०१२ सालीं संशोधकांना आढळलें. थंडींत नाक गोठूं नये, अशी ती निसर्गाची योजना आहे.

ओझ्याचें काय? दर घरीं एकच किलो खाऊ धरला, तरी गाडींत दोन लक्ष टन माल भरावा लागेल. एक रेनडिअर दीडशें किलो ओढतो, असें उदार मनानें मानलें, तर आठांनीं भागत नाहीं. तेरा लक्षांहून अधिक जनावरें हवींत. दोन दोनांची रांग केली आणि जोडीस तीन मीटर जागा दिली, तर रांगेची लांबी होते दोन हजार किलोमीटर. पुढची जोडी मुलाच्या दारांत पोंचेल, तेव्हां खाऊ दोन हजार किलोमीटर मागें असेल. चित्रांतल्या ह्या सर्व जनावरांना डौलदार शिंगें असतात, हीहि एक मौज आहे. पूर्ण वाढलेल्या नरांचीं शिंगें नाताळापर्यंत बहुधा गळून गेलेलीं असतात. माद्यांचीं मात्र वसंतापर्यंत टिकतात.

परंतु खरी अडचण धांवण्यांत नाहीं, थांबण्यांत आहे. एका किलोमीटरांत वेग घेऊन पुन्हा थांबावयाचें, तेंहि सेकंदाच्या सतराशेंव्या हिश्श्यांत! धुरांड्यांत उतरण्यास क्षणहि न ठेवतां हिशेब केला, तरी म्हाताऱ्याच्या अंगावर येणारा भार त्याच्या वजनाच्या शंभर कोटिपटींहून अधिक भरतो.

मनुष्याचें शरीर किती सोसतें, हें जाणण्यासाठीं एक गृहस्थ खरोखरच घसरगाडींत बसले होते. अमेरिकन वायुदलांतील डॉक्टर जॉन पॉल स्टॅप हे १० डिसेंबर १९५४ रोजीं न्यू मेक्सिकोच्या वाळवंटांत, रुळांवरून रॉकेटनें ढकलल्या जाणाऱ्या गाडींत पट्ट्यांनीं स्वतःस जखडून बसले. गाडी ताशीं सुमारें १,०१७ किलोमीटर वेगानें सुटली आणि दीड सेकंदाच्या आंत थांबली. त्यांच्यावर शरीराच्या वजनाच्या ४६ पट भार आला. डोळ्यांत रक्त उतरलें, कांहीं काळ दिसेनासें झालें. पुढें दृष्टि परत आली. आधींच्या खेपांत त्यांच्या फांसळ्या व मनगटें मोडलीं होतीं, तरी ते पुन्हा बसले, कारण दुसऱ्याला बसविणें त्यांना प्रशस्त वाटलें नाहीं. वायुदलाचीं माणसें विमानांच्या अपघातांपेक्षां मोटारींच्या अपघातांत अधिक मरतात, हें त्यांच्या ध्यानांत आलें, आणि मोटारींत पट्टे असावेत म्हणून त्यांनीं वर्षानुवर्षें खटपट केली. १९६६ सालीं अमेरिकेंत मोटारींच्या सुरक्षिततेचा कायदा झाला. त्यावर सही होत असतां ते तेथें उपस्थित होते. इतकीं हाडें मोडून घेतलेला हा मनुष्य १९९९ सालीं, एकोणनव्वदाव्या वर्षीं वारला.

सांताक्लॉजच्या बहुतेक चित्रांत त्याच्या पोटावर रुंद कातडी पट्टा असतो. तो गाडीला मात्र कोठेंच बांधलेला दिसत नाहीं.