बाप्तिस्म्यानंतरची आठ वर्षे



मी उज्जैनच्या माधव नगरात राहते. शिंदेशाहीच्या काळापासून या गावात मराठी माणसे आहेत. त्यांत आमच्यासारखी चार ख्रिस्ती घरेही आहेत. पाहुणे आले की आम्ही त्यांना सांदीपनी आश्रमात नेतो आणि अंकपात दाखवतो. कृष्णाने आपली पाटी तिथे धुतली, असे इथले लोक सांगतात. देवालाही गुरूच्या घरी अभ्यास करावा लागला, असे मानणाऱ्या गावात मी वाढले. शास्त्र शिकण्याबद्दलचा आदर मला उपासनामंदिराबाहेरूनही मिळाला, असे म्हटले तर चुकीचे होणार नाही.

आमच्या घरी संध्याकाळी वडील पवित्र शास्त्र मोठ्याने वाचत. आजी भिंतीला टेकून ऐकत असे. ती नगर जिल्ह्यातून लग्न होऊन इकडे आलेली. तिला अक्षरओळख नव्हती, पण वडिलांची एखादी ओळ सुटली की ती लगेच म्हणे, “थांब रे, काहीतरी गळलं.” पुन्हा पाहिले की खरेच गळलेले असे. या दोघांत जास्त विश्वास कोणाचा, वाचणाऱ्याचा की ऐकणारीचा, हा प्रश्न मला लहानपणी पडे. उत्तराच्या जवळ मी आले ती पुढे, पंडिता रमाबाईंचे चरित्र वाचताना.

रमाबाईंचा जन्म 1858चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी लोकांचा रोष पत्करून पत्नीला संस्कृत शिकवले, आणि त्या माउलीने मुलीला. भागवताचे हजारो श्लोक या मुलीला तोंडपाठ. तीर्थयात्रा करता करता दुष्काळात आईवडील गेले. पुढे 1878 साली कलकत्त्याच्या विद्वानांनी वीस वर्षांच्या या मुलीला ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ म्हटले. ख्रिस्ताकडे येतानाही त्या पंडिता म्हणूनच आल्या. नीळकंठशास्त्री गोरे, म्हणजे फादर नेहेम्या गोरे, हे काशीत वाढलेले मराठी शास्त्री. त्यांचे युक्तिवाद रमाबाईंनी तपासले, त्यांना ते पटले, आणि 29 सप्टेंबर 1883 रोजी इंग्लंडमध्ये वाँटेज इथे त्यांनी आपली लहानगी मुलगी मनोरमा हिच्यासह बाप्तिस्मा घेतला.

त्यानंतरही त्यांचे वाद थांबले नाहीत. त्रैक्याबद्दल, ख्रिस्ताच्या देवत्वाबद्दल त्या वाँटेजच्या मठातल्या भगिनींना विचारत राहिल्या: हे शास्त्रात कुठे आहे? भगिनींना त्यात अहंकार दिसला. मला तसे वाटत नाही. ज्या घरात ग्रंथाचा शब्द न् शब्द पारखून घ्यायला शिकवले, त्या घरची मुलगी दुसरे काय करणार? प्रेषितांच्या कृत्यांत बिरुयाचे लोक भेटतात. प्रत्यक्ष पौलाचे बोलणेही ते रोज शास्त्राशी ताडून पाहत, आणि त्याबद्दल त्यांची स्तुतीच केली आहे.

मात्र 1907 साली लिहिलेल्या साक्षीत रमाबाई स्वतःविषयी जे सांगतात, ते ऐकून मन थांबते. धर्म मिळाला होता, पण ख्रिस्त भेटला नव्हता, अशा अर्थाचे त्या लिहितात. बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षे ही अवस्था होती. या आठ वर्षांत त्यांनी अमेरिका पाहिली, 1889 साली विधवांसाठी शारदा सदन काढले. त्यांच्या ज्ञानात उणे काही नव्हते, कामातही नव्हते. प्रश्न होता तो भाराचा. आपल्या तारणाचा भार त्या स्वतःच्या समजेवर पेलत होत्या, आणि 1891च्या सुमाराला त्यांनी तो प्रभूवर टाकला. मी तरी ते असे समजते.

आता यापुढचे मला फार मोलाचे वाटते. विश्वास मिळाला की पुस्तक मिटायचे, अभ्यास पंडितांनी करावा आणि आपण भजन म्हणावे, असे आमच्या मंडळ्यांतून किती सहज बोलले जाते! रमाबाईंनी नेमके उलटे केले. पुढच्या एका दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतातून शेकडो मुली आणल्या, केडगावला मुक्ती मिशन उभे राहिले. तिथे 1905 साली मोठी जागृती झाली. कालपरवापर्यंत अक्षर न येणाऱ्या मुली तासन् तास प्रार्थना करू लागल्या. त्याच काळात रमाबाई बायबलच्या नव्या मराठी भाषांतरासाठी हिब्रू आणि ग्रीक घेऊन बसल्या होत्या. प्रचलित मराठी भाषांतर संस्कृत शब्दांनी जड होते. खेड्यातल्या बाईला ते कळत नाही, ही त्यांची तळमळ. ज्या संस्कृतने त्यांना ‘सरस्वती’ केले, तेच त्या ओळीओळीतून बाजूला काढत गेल्या. खिळे जुळवणे, छापणे, बांधणी, सारे मुक्तीतल्या बायकांनी केले. ज्यांच्यासाठी पुस्तक होत होते, त्यांच्याच हातांनी ते होत होते. नवा करार 1913 साली आला. 1921 साली मनोरमा गेली, तरी काम चालूच राहिले. शेवटची मुद्रिते तपासून झाली आणि 5 एप्रिल 1922 रोजी रमाबाईंनी डोळे मिटले. संपूर्ण बायबल 1924 साली प्रसिद्ध झाले.

विश्वास ऐकण्याने येतो, असे पौल रोमकरांस लिहितो. म्हणून ऐकणारीला कळेल अशी भाषा शोधायची, आणि त्यासाठी म्हातारपणीही व्याकरण घोकायचे. रमाबाईंच्या टेबलावरचा शब्दकोश आणि पलीकडे चाललेली मुलींची प्रार्थना एकाच अंगणातली होती. आता वाटते, वडिलांचे वाचणे आणि आजीचे ऐकणेही तसेच होते.

रविवारी दुपारी आमच्या गल्लीतल्या एका वृद्ध बाईंना मी वाचून दाखवते. त्यांना मोतीबिंदू आहे. गेल्या रविवारी ‘नीतिमान’ या शब्दाशी त्यांनी मला थांबवले. “ताई, म्हणजे नेमका कसा माणूस?” मी सांगू लागले आणि दोन वाक्यांत अडखळले. तेव्हापासून रोज रात्री मी तो शब्द ठिकठिकाणी शोधून वाचते आहे. येत्या रविवारी त्या पुन्हा विचारतील.