मुलाची झोप कोण विचारणार?

राज्यभरातून आलेल्या शिक्षक, समुपदेशक, अंगणवाडी सेविका व संरक्षण अधिकाऱ्यांनो,



माझी सगळी नोकरी शाळेत झाली. एका वर्षी सहावीतल्या एका मुलानं मुक्कामाच्या सहलीला यायला नकार दिला. पैशांची अडचण असेल म्हणून आम्ही त्याची वर्गणी माफ केली. तरी नाहीच. खूप विचारल्यावर म्हणाला, "बाई, रात्री मी घरी नसलो तर आईला सोडवणार कोण?" अकरा वर्षांचं पोर रोज रात्री राखण करत होतं आणि आम्ही त्याला वर्गात पेंगतो म्हणून उभं करत होतो!

अशी मुलं चाळीत असतात तशी बंगल्यातही असतात. मार आईला बसतो, पण पोट दुखतं मुलाचं, तेही ऐन शाळेच्या वेळी. आठ वर्षांची मुलगी पुन्हा अंथरूण ओलं करू लागते. कुणी बोलताना अडखळतं, कुणी मधल्या सुट्टीत हात उगारतं, तर कुणी इतकं शहाण्यासारखं वागतं की त्याच्याकडे कुणाचं लक्षच जात नाही. या गप्प मुलांची मला जास्त काळजी वाटते. आपल्यामुळेच घरात भांडण होतं, असं त्यातली कितीतरी मनात धरून बसतात. तान्ह्या बाळाला काय कळतं, असं आपण म्हणतो. पण त्याची झोप आणि दूध पिणंसुद्धा बिघडतं.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत 18 ते 49 वयाच्या विवाहित स्त्रियांपैकी सुमारे 29 टक्के स्त्रियांनी नवऱ्याकडून हिंसा झाल्याचं सांगितलं. त्या घरांतली मुलं कुणी मोजायची? कौटुंबिक हिंसाचारापासून स्त्रियांना संरक्षण देणाऱ्या 2005 च्या कायद्यानं मुलांना वगळलेलं नाही. त्यांच्या ताब्याचा तात्पुरता आदेशही न्यायालय देऊ शकतं. या कायद्याखालच्या घटना अहवालाच्या नमुन्यात मुलांचं नाव, वय, ती कुणाकडे राहतात, एवढं आपण भरतो. ती झोपतात कशी, शाळेत जातात का, हे मात्र विचारत नाही.

तेवढं विचारायला कायदा बदलावा लागत नाही. संरक्षण अधिकाऱ्यांनी आईची परवानगी घेऊन वर्गशिक्षकांशी बोलावं, शिक्षकांनी 1098 हा मुलांच्या मदतीचा हेल्पलाइन क्रमांक वर्गात लावावा, आणि मुलानं सांगितलेलं परस्पर बापाच्या कानावर घालू नये; त्याची किंमत त्या रात्री माय-लेकरांना मोजावी लागते.

दुपारच्या सत्रात आपण गटागटानं बसणार आहोत. प्रत्येक गटात एक शिक्षक आणि एक संरक्षण अधिकारी शेजारी शेजारी बसतील, अशी व्यवस्था मी मुद्दाम करून घेतली आहे. एकमेकांचे फोन नंबर घेतल्याशिवाय कृपया उठू नका.