अंगण खरेच वाकडे असेल तर?

(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात नाशिक येथे दिलेले भाषण)



मी कोणी पंडित नव्हे. मॅट्रिक झाल्यावर अध्यापनाची पदविका घेऊन प्राथमिक शाळेत खडू हाती धरला आणि तो निवृत्तीपर्यंत सोडला नाही, एवढीच माझी विद्वत्ता. संगणकशास्त्रावर अधिकारवाणीने बोलण्याची माझी पात्रता नाही, हे मी जाणून आहे. परंतु मोबाईलच्या पडद्यावर जे फॉर्म आणि ज्या सूचना आपणांपुढे येतात, त्या अखेर वाचावयाच्याच असतात. आणि प्रश्न कसा विचारावा, तो समोरच्यास कसा कळतो, हे पाहण्यात माझे आयुष्य गेले आहे. तेवढ्याच अधिकाराने चार शब्द बोलतो.

निवृत्त शिक्षकाच्या ओसरीवर पूर्वी लोक पत्र लिहून घ्यावयास, अर्ज भरून घ्यावयास येत. आता ते मोबाईल घेऊन येतात. येणाऱ्यांत भगिनी आणि वृद्ध अधिक. त्यांच्या तोंडचे पहिले वाक्य बहुधा ठरलेले असते: "गुरुजी, मला यातले काही येत नाही हो." हे वाक्य उच्चारताना त्यांच्या चेहऱ्यावर जो संकोच दिसतो, तोच माझ्या आजच्या विषयाचे कारण आहे. कारण हे वाक्य पुष्कळदा खरे नसते.

वर्गातील चाळीस मुलांपैकी दोघांचे एक उत्तर चुकले, तर त्या दोघांना पुन्हा समजावून द्यावे लागते. पण पस्तीस मुलांचे तेच उत्तर चुकले, तर शहाणा शिक्षक छडी शोधीत नाही. तो आपली प्रश्नपत्रिका पुन्हा वाचून पाहतो. "नाचता येईना, अंगण वाकडे" ही म्हण आपण एकमेकांस टोमणा म्हणून ऐकवतो. परंतु अंगण खरोखरच वाकडे असू शकते, आणि तसे असेल तर ते सरळ करण्याची जबाबदारी नाचणाऱ्याची नसून अंगण सारवणाऱ्याची असते, हा विचार आपल्यात फारसा रुजलेला नाही.

याचे अगदी ताजे उदाहरण आपल्या घराघरांतले आहे. 'मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण' ही योजना २०२४ च्या जूनअखेर जाहीर झाली आणि पात्र भगिनींना दरमहा १५०० रुपये मिळू लागले. सप्टेंबर २०२५ मध्ये शासनाने या भगिनींना ई-केवायसी, म्हणजे आपली ओळख संकेतस्थळावर पटवून देणे, बंधनकारक केले. अपात्रांस गाळावे हा हेतू योग्यच होता. पण फॉर्मची रचना पाहा. प्रथम स्वतःचा आधार क्रमांक आणि त्यावरील ओटीपी. नंतर पतीचा किंवा वडिलांचा आधार क्रमांक आणि त्यावरील ओटीपी. जिचे पती निवर्तले आहेत आणि वडीलही हयात नाहीत, तिने काय करावे? या योजनेत विधवा, घटस्फोटित आणि परित्यक्ता भगिनींचा समावेश पहिल्या दिवसापासून आहे. मात्र फॉर्म तयार झाला तेव्हा त्यांची आठवण झाली नाही. तक्रारी आल्यावर मुदत वाढवून ३१ डिसेंबर २०२५ करण्यात आली आणि अशा भगिनींनी मृत्यूचा किंवा घटस्फोटाचा दाखला अंगणवाडी सेविकेकडे द्यावा, असे ठरले. म्हणजे यंत्राने अडवले आणि सेविकाताईंनी सोडवले.

त्याच फॉर्मच्या शेवटी एक विधान होते. कुटुंबातील सदस्य सरकारी नोकरीत कायम कर्मचारी नाहीत, किंवा निवृत्तिवेतन घेत नाहीत, अशा आशयाचे ते होते. आणि त्यापुढे दोन पर्याय: 'होय' आणि 'नाही'. भगिनींनो, व्याकरणाचा मास्तर म्हणून सांगतो, हा प्रश्न चौथीच्या मुलास मी कधी घातला नसता. आपण एखाद्यास विचारतो, "तू जेवला नाहीस ना?" त्यावर एक जण म्हणतो, "हो, नाही जेवलो"; दुसरा म्हणतो, "नाही, अजून नाही." दोघांचाही अर्थ एकच, दोघेही उपाशी. बोलण्यात हे चालते, कारण ऐकणारा माणूस असतो. यंत्राला मात्र 'होय' आणि 'नाही' यांखेरीज काही कळत नाही. ज्या घरात सात पिढ्यांत कोणी सरकारी नोकरीत नाही, त्या घरातील माउलीने प्रामाणिकपणे 'नाही' म्हणावे, तर नकाराचा नकार होऊन भलताच अर्थ निघतो. झालेही तसेच. अनेक भगिनींकडून चुकीचा पर्याय निवडला गेल्याच्या तक्रारी आल्या, आणि जानेवारी २०२६ मध्ये शासनास अंगणवाडी सेविकांमार्फत प्रत्यक्ष पडताळणी करण्याचे ठरवावे लागले. "तुमच्या घरात कोणी सरकारी नोकरीत आहे काय?" एवढाच सरळ प्रश्न विचारला असता, तर हा सारा व्याप वाचला असता. एका 'नाही' या शब्दापायी गरीब घरातील महिन्याचा किराणा अडकावा, ही गोष्ट लहान नव्हे.

असे केवळ आपल्याकडेच घडते असे मानू नये. अमेरिकेत नोव्हेंबर २००० मध्ये अध्यक्षपदाची निवडणूक झाली. फ्लोरिडा राज्यातील पाम बीच या जिल्ह्यात मतपत्रिकेवर उमेदवारांची नावे दोन्ही बाजूंस आणि छिद्रे मधल्या एकाच रांगेत अशी रचना होती. कोणते छिद्र कोणत्या नावाचे, याचा घोटाळा होऊन आपले मत भलत्यालाच गेल्याची तक्रार हजारो मतदारांनी केली. आणि त्या राज्याचा निकाल अवघ्या ५३७ मतांनी लागला. साक्षर, सधन देशातील मतदारांचीही ही गत झाली. डोनाल्ड नॉर्मन या अमेरिकन विद्वानाने १९८८ सालीच एका ग्रंथात हा सिद्धांत मांडून ठेवला आहे. दाराला मूठ बसवली, तर माणूस ते ओढणारच; दार ढकलावयाचे असेल, तर दोष ओढणाऱ्याचा नसून मूठ बसवणाऱ्याचा, असे त्याच्या म्हणण्याचे सार आहे.

आता आपल्या भाषेची अडचण पाहू. पासवर्ड ठरविताना यंत्र सांगते, एक अक्षर 'कॅपिटल' हवे, एक 'स्मॉल' हवे. आपल्या देवनागरीत हा भेदच नाही. आपला 'क' वाक्याच्या आरंभी आला काय आणि शेवटी आला काय, 'क' तो 'क'च. ज्याचे शिक्षण मराठीत झाले त्याला ही अट म्हणजे मुळातच परकी वस्तू. पण ती समजावून सांगण्याचे कष्ट फार थोडी संकेतस्थळे घेतात. तीच गोष्ट नावाची. स्वतःचे नाव, वडिलांचे किंवा पतीचे नाव आणि आडनाव ही आपली रीत. एक फॉर्म त्यातील दोनच मागतो, दुसरा तिन्ही मागतो, तिसरा आडनाव आधी मागतो. शिवाय रोमन लिपीत 'ज्ञानेश्वर' हे नाव महाराष्ट्रात 'डी'ने सुरू होते, उत्तरेत 'जी'ने आणि ग्रंथांत 'जे'ने. माणूस एकच, पण यंत्राच्या लेखी तिघे! विवाहानंतर नाव बदललेल्या भगिनींची तर कथाच निराळी. शाळेच्या दाखल्यावर एक, आधारवर दुसरे आणि बँकेच्या पुस्तकावर तिसरे नाव असले, की त्या भगिनीस आपण आपणच आहोत हे सिद्ध करीत फिरावे लागते.

वार्धक्याचा प्रश्नही असाच. निवृत्तिवेतनधारकांना दर वर्षी नोव्हेंबरात आपण हयात असल्याचा दाखला द्यावा लागतो. त्यासाठी 'जीवन प्रमाण' ही सोय नोव्हेंबर २०१४ मध्ये सुरू झाली आणि बोटाच्या ठशावरून घरबसल्या दाखला देता येऊ लागला. सोय उत्तम, पण ज्या हातांनी आयुष्यभर नांगर धरला, भांडी घासली, त्या हातांवरील रेषा झिजून गेलेल्या असतात. माणूस समोर बसलेला आणि यंत्र म्हणते, ठसा जुळत नाही! तथापि येथे एक समाधानाची गोष्ट घडली. नोव्हेंबर २०२१ पासून चेहऱ्यावरून ओळख पटविण्याची सोय करण्यात आली. अंगण वाकडे होते, ते सारवणाऱ्याने मान्य केले आणि थोडे सरळ केले. मनावर घेतले तर हे होऊ शकते, याचा हा दाखला आहे.

परंतु चेहरा हाही सर्वांस सारखा नसतो. ॲसिड-हल्ल्यातून वाचलेल्या काही भगिनींना बँकेच्या ई-केवायसीत "डोळ्यांची उघडझाप करा" असे यंत्राने सांगितले, आणि त्यांना ते शक्य नव्हते. हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. एका अंध गृहस्थांचीही अशीच याचिका होती. ३० एप्रिल २०२५ रोजी न्यायालयाने निर्णय दिला की, अशा सेवांपर्यंत पोहोचता येणे हा राज्यघटनेच्या २१ व्या अनुच्छेदातील जीविताच्या हक्काचाच भाग आहे. आणि रचना सर्वांस वापरता येईल अशी करण्याविषयी २० निर्देश दिले. म्हणजे ज्यास आपण "मला येत नाही" म्हणून लाजतो, त्यास देशाचे सर्वोच्च न्यायालय "हा तुमचा हक्क आहे" असे म्हणते. हे वाक्य आपण घरी जाताना बरोबर न्यावे.

आतापर्यंत सांगितले ते अनवधानाने झालेले दोष. काही दोष मात्र जाणूनबुजून ठेवलेले असतात. तिकीट काढताना विम्याच्या चौकटीत आधीच खूण केलेली असते. वर्गणी भरणे एका बोटाचे काम, पण बंद करणे दहा दारांमागे लपविलेले. "दोनच नग उरले" अशी खोटी घाई. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२३ मध्ये अशा १३ फसव्या रचना नावानिशी सांगून त्यांस मनाई केली. त्यांविरुद्ध राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार करता येते. पैशाची प्रत्यक्ष फसवणूक झाली, तर क्षणाचाही विलंब न लावता १९३० हा क्रमांक फिरवावा.

यावरून मी यंत्राचा विरोधक आहे, असा कोणी समज करून घेऊ नये. आमच्या नाशिक जिल्ह्यातील कांद्या-द्राक्षांच्या शेतकऱ्याला सातबाऱ्याच्या उताऱ्यासाठी तलाठी कार्यालयात किती खेटे घालावे लागत, हे निफाड-येवल्याकडील मंडळींस सांगावयास नको. २०१८ च्या महाराष्ट्र दिनापासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा संगणकावरून मिळू लागला, ही केवढी सोय झाली! माझे म्हणणे इतकेच की, जे यंत्र खेटे वाचवू शकते, त्यानेच नवे खेटे निर्माण करू नयेत.

तर आपण काय करावे? प्रथम, फॉर्म अडला की स्वतःस दोष देणे सोडावे. प्रश्न मोठ्याने वाचावा. त्यात 'नाही' हा शब्द असेल, तर उत्तर देण्यापूर्वी त्याचा सरळ अर्थ कागदावर लिहून काढावा. यंत्राने दाखविलेली चूक जशीच्या तशी, दिनांकासह टिपून ठेवावी किंवा पडद्याचे छायाचित्र घ्यावे. कारण "होत नाही" या तक्रारीस कोणी विचारीत नाही, पण नेमक्या तक्रारीस उत्तर द्यावे लागते. शासकीय दाखल्यास विलंब झाल्यास महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ अन्वये अपील करता येते, हेही लक्षात असावे. आणि कितीही अडले, तरी ओटीपी अनोळखी माणसास सांगू नये.

दुसरी विनंती आपल्या तरुण पिढीस. आपल्या ज्ञातीतील कितीतरी मुले-मुली आज पुण्यात, बंगळुरात आणि परदेशी संगणकाच्या व्यवसायात आहेत, याचा आम्हांस अभिमान वाटतो. बाळांनो, तुम्ही जो फॉर्म तयार कराल, तो लोकांपुढे ठेवण्यापूर्वी एकदा आपल्या आजीच्या हाती द्या. तिला काही शिकवू नका. मुकाट्याने शेजारी बसा आणि तिचे बोट कोठे अडते ते पाहा. जेथे तिचे बोट अडेल, तेथे तुमचे काम अपुरे आहे असे समजा.

तिसरी विनंती आपल्या मंडळास. शिष्यवृत्तीचे अर्ज आणि वधू-वर नोंदणी ऑनलाइन करण्याचा विचार चालू आहे, तो स्तुत्य आहे. परंतु कागदी अर्जाची वाटही खुली राहू द्यावी. फॉर्म शुद्ध, सोप्या मराठीत असावा. नाव आपल्या रीतीने तीन भागांत घ्यावे. वडील हयात नसलेल्या मुलाचा अर्ज पहिल्याच पानावर अडकू नये. आणि मंडळाच्या कार्यालयात रविवारी दोन तास दोन तरुणांनी बसून वडीलधाऱ्यांचे अडलेले फॉर्म भरून द्यावेत. ही सेवा अन्नदानाहून कमी मोलाची नाही. मी स्वतः त्या दोन तासांस हजर राहण्यास तयार आहे.

पुढील संमेलनास येईपर्यंत आपल्या घरातील एकाही माउलीच्या तोंडी "मला येत नाही" हे वाक्य नाइलाजाने येऊ नये, अशी कुलस्वामिनीचरणी प्रार्थना करून मी आपली रजा घेतो.