पाणी कुणाच्या नावावर?

(युवक शिबिरात केलेलं भाषण)



'कालवा आणि विकास' असा विषय मला दिलाय. आकडेवाले पुष्कळ बोलतात. मी कालव्याकाठच्या महारवाड्यातला, तिथनंच सुरुवात करतो.

आमचं गाव नीरेच्या डाव्या कालव्यावर. 1876-77च्या दुष्काळात दख्खनची माणसं भुकेनं मेली. सरकारनं दुष्काळी कामं काढली आणि रोजी कापली: एक पौंड धान्याची किंमत, वर एक आणा. तेवढ्यावर खडी फोडायची. 1877च्या सुरुवातीला हजारो मजूर कामं टाकून निघून गेले. उपाशी माणसाचा संप होता तो.

त्या दुष्काळानं साहेबाला कालव्याची निकड पटली. 1885 साली नीरेचा डावा कालवा सुरू झाला. पुरंदर, बारामती, इंदापूर, सुमारे शंभर मैलांचा पाट.

पाणी आलं, पण लगेच सोनं पिकलं नाही. पाऊस बरा झाला की शेतकरी म्हणायचा, पाणपट्टी कशाला भरू? मग विसाव्या शतकाच्या सुरुवातीला विश्वेश्वरय्यांनी ब्लॉक पद्धत बसवली. ठराविक रानाला सालोसाल पाण्याची हमी, थोड्या हिश्श्यात ऊस, बाकीत दुसरी पिकं. सासवडचे माळी आले, जमिनी खंडानं घेतल्या, गुऱ्हाळं पेटली. 1930च्या दशकात वालचंदनगरचा कारखाना, 1950च्या दशकात माळेगावचा सहकारी. कारखान्यामागं बँक, शाळा, डांबरी रस्ता, आमदार. हा विकास खोटा नाही. मी डोळ्यांनी पाह्यलाय.

पण त्या हमीचा कागद वाचा. पाणी रानाला मिळतं, माणसाला नाही. ज्याचा सातबारा, त्याचं पाणी.

माझ्या आज्याला महारवतनाचा तुकडा होता, भावकीत वाटून वाटून अंगणाएवढा. तो खंडानं एका बागायतदाराकडं. पाण्याचा अर्ज त्याच्या नावावर, ऊस त्याचा, आणि खुरपायला माझी आजी. आपल्याच रानात रोजानं! प्यायचं पाणी ती कालव्यातनंच घ्यायची, पण खालच्या अंगाला. इंजिनिअरनं पाण्याला उतार दिला, गावानं त्या उताराला जात लावली.

पाणी जास्त, निचरा नाही. नीरेवर कितीतरी रानं चोपण झाली, क्षार वर आले. आमचा तुकडा ओढ्याकडचा, सखल. तो मिठानं पांढरा पडला तेव्हा बागायतदारानं परत केला. आज्याला वतन मिळालं ते असं.

बाबासाहेबांनी 1928 साली मुंबई कौन्सिलात महारवतनाच्या दुरुस्तीचं बिल मांडलं. वतनं गेली 1958च्या कायद्यानं. 1961ला सीलिंग कायदा झाला, खाजगी साखर कारखान्यांच्या जमिनी सरकारनं घेतल्या. भूमिहीनांना वाटल्या का? नाही, शेती महामंडळाकडं ठेवल्या. 1959ला आणि 1964ला दादासाहेब गायकवाडांच्या हाकेवर आपली माणसं जमिनीसाठी तुरुंगात गेली. पुढं कायदा फिरवून महामंडळाच्या जमिनी जुन्या खंडकऱ्यांना परत द्यायची वाट काढली. भूमिहीन बांधावरच. उसाच्या हंगामात कोयता घेऊन बीड-नगरकडनं येतो तोही बहुतेक भूमिहीन, नाहीतर कोरडवाहू तुकड्याचा धनी.

कुणी म्हणेल, जमीनच नाही त्याला पाणी द्यायचं कसं? हा कालवा ज्या पुरंदरातनं जातो, त्याच तालुक्यात नायगावला 1972च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंख्यांनी पाणी पंचायत उभी केली. नियम साधा: पाणी माणशी, अर्ध्या एकरापुरतं. भूमिहीनालाही हिस्सा. ऊस बंद. म्हणजे जमतं. जमवायचं नसतं, एवढंच.

तवा कुणी हिरवं रान दाखवून 'बघा विकास' म्हणाला, तर भांडू नका. एकच सवाल टाका: पाण्याचा अर्ज कुणाच्या नावावर?

आजी जाऊन बरीच वर्षं झाली. उभ्या आयुष्यात तिचं नाव एकाही पाणीअर्जावर चढलं नाही. ते नाव मागायला मी इथं उभा आहे. तुम्हीही आपापल्या आजीचं नाव घेऊन उभे राहा.

जय भीम.