ओतीव भिंतीचे घर
(महोत्सवी सभेतील भाषण)



१९०८ साली मुसी नदीच्या महापुराने या हैदराबादेतील हजारो घरे नेली. पुढे १९१२ साली येथे नगर सुधारणा मंडळ स्थापन झाले. घर बांधणे ही केवळ ज्याची त्याची बाब नव्हे, तिच्यात सरकारचाही वाटा असावा, असे आम्ही तेव्हापासून मानत आलो.

आता बांधकामाची रीतच पालटत आहे. १ जानेवारी २०२१ रोजी केंद्र सरकारने सहा शहरांत नव्या पद्धतींच्या नमुना-वसाहतींची पायाभरणी केली. त्यांपैकी राजकोटच्या ११४४ घरांत बोगद्याच्या आकाराचे साचे लावून भिंती व छत एकत्रच काँक्रीटमध्ये ओतले. वेळ वाचतो, विटांचे काम टळते. याचे आम्ही स्वागत करतो.

मात्र एक ध्यानात घ्यावे. खांब-तुळयांच्या घरात विटांची भिंत बहुधा आडोसाच असते. ओतीव घरात भिंत हाच खांब होय. ती फोडून दार काढणे म्हणजे वरच्या बिऱ्हाडांचा आधार काढणे. म्हणून असे घर मिळाल्यास किल्लीबरोबर नकाशाही मागून घ्यावा.

आमच्या वर्गात गवंड्यांची मुले बसतात. साचे लावण्याची विद्या त्यांना मिळाली नाही, तर नवी रीत एकाला छप्पर देईल आणि दुसऱ्याची रोजी नेईल. सरकारने तंत्राबरोबर शिक्षणही द्यावे. आपल्या ट्रस्टनेही एक शिष्यवृत्ती अशा मुलासाठी ठेवावी. एवढे मागून आम्ही आपली रजा घेतो.